पाचव्या दिवशी न धुतलेली सीट

मित्रांनो, मी एक जुनी सीट आहे, ड्रायव्हरची. माझी गाडी म्हणजे कॅम्पर व्हॅन, चाकांवरचे बिऱ्हाडच म्हणा ना! मागे दोघांचा पलंग, कोपऱ्यात शेगडी, खिडक्यांना पडदे. पेरू देशातल्या डोंगरात, वाराझ शहराच्या वरच्या अंगाला, एका अंगणात ती उभी असते. निर्जीव वस्तूंना काही कळत नाही असे तुम्ही मानत असाल, तर खुशाल माना. मी मात्र एक माणूस मेल्यानंतरही वर्षभर धरून ठेवला होता. त्याचीच ही हकीकत आहे, आणि तिच्यात माझाही दोष आहे, हे आधीच सांगून टाकते.

सुरुवातीची काही वर्षे ही गाडी गावोगावचे प्रवासी वाहायची. तेव्हा माझ्या अंगावर रेक्झिन होते. उन्हात ते चटके द्यायचे आणि पहाटे पत्र्यासारखे कडक व्हायचे. मग तेओफिलो हामान्का नावाच्या सुताराने गाडी घेतली. पलंग आणि कपाटे त्याने स्वतःच्या हाताने बसवली. मला मात्र तो गादीवाल्या पोम्पेयोकडे घेऊन गेला. सोबत त्याची बायको हर्मेलिंदा हिने कमरेला माग बांधून विणलेले लोकरीचे कापड होते, तपकिरी आणि मधून लाल पट्टे. दोन पावसाळे ती ते विणत होती.

पोम्पेयोने कापड डोळ्यांजवळ नेले आणि मान हलवली.

"असलं कापड लोक संताच्या पालखीवर घालतात. तू बुडाखाली घालणार?"

"माझं बूड काय साधंसुधं आहे का?" तेओफिलो म्हणाला. "या डोंगरातल्या एकूण एक खड्ड्याशी त्याची ओळख आहे."

"मग तुझ्यापेक्षा त्यालाच जास्त लोक ओळखत असतील!"

चेष्टा करून झाली, पण शिवताना त्या म्हाताऱ्याने एकही टाका घाईने घातला नाही. मला नवे अंग मिळाले. त्या दिवशी मी किती मिरवले, काय सांगू!

पुढची अकरा वर्षे आम्ही सुखाने राबलो. डोंगर चढायला दूरदूरचे लोक यायचे. तेओफिलो त्यांना हिमशिखराच्या पायथ्यापर्यंत न्यायचा, खिंडीत मुक्काम करायचा आणि परत आणायचा. ते चिखलाचे बूट घालून गाडीत चढायचे. त्यांच्या हातातले बटाट्याचे सूप वळणावर हिंदकळायचे. एकदा तर एका बाईचा कुत्रा माझ्यावरच वितळलेल्या बर्फाने निथळत बसला होता. तेओफिलो कोणाला रागावला नाही. घरी आल्यावर तो बाही वर करायचा आणि माझ्यापुढे गुडघ्यांवर बसायचा. आधी सुका ब्रश मारून माती झाडायची. डाग ताजा असेल तर फडक्याने टिपायचा, घासायचा नाही, कारण घासला की तो आत शिरतो. मग हर्मेलिंदाने किन्वा हे धान्य धुतल्यावर उरलेले कडू पाणी घ्यायचे, त्याचा फेस करायचा आणि नुसता फेस वरून फिरवायचा. शेवटी दोन्ही दारे सताड उघडी टाकून मला सावलीत वारा द्यायचा.

"कापडाला आंघोळ घालायची, बुडवायचं नाही," तो मुलीला, निल्दाला, शिकवायचा. "आतला फोम ओला झाला की संपलं. मग बाहेरून राणी आणि आतून डबकं."

असे कोणी जपले की जीव लागतो. त्याच्या पाठीचा आकार माझ्या पाठीत उतरला. तो चघळायचा त्या कोकाच्या पानांचा, लाकडाच्या भुशाचा आणि त्याच्या लोकरी टोपीचा वास माझ्यात मुरला. हर्मेलिंदा शेजारच्या सीटवर बसून मक्याच्या लाह्या त्याच्या ओंजळीत ओतायची. मला वाटायचे, हे असेच चालायचे.

ते नोव्हेंबरचे दिवस होते. पावसाने नुकतीच सुरुवात केली होती. एका दुपारी चार वाजता तेओफिलोने गाडी अंगणात लावली, इंजिन बंद केले आणि तो उतरलाच नाही. त्याचा हात दाराच्या कडीपर्यंत गेला होता. छातीत एकदाच काहीतरी आवळले, ते मला त्याच्या पाठीतून समजले. मग त्याचा सगळा भार माझ्यावर आला. हर्मेलिंदा शेंगा सोलता सोलता ओरडली, "उतरतोस की तिथेच बिऱ्हाड करतोस?" शेंगा टाकून ती धावत आली, तेव्हा तो गेलेला होता.

आमच्याकडे माणूस गेला की पाचव्या दिवशी त्याचे सगळे कपडे, अंथरूण, पांघरूण नदीवर नेऊन धुतात. एक धागाही मागे ठेवायचा नसतो. न धुतलेल्या कापडाला माणूस चिकटून राहतो, त्याला पुढची वाट सापडत नाही. त्या रात्री उंबऱ्याबाहेर राख पसरतात, आणि सकाळी तिच्यात जाणाऱ्याचे पाऊल शोधतात. तेओफिलोची थोरली बहीण एदुविहेस या बाबतीत फार कडक. नदीवर जाण्याआधी ती अंगणात उभी राहून एकेक कपडा तपासत होती.

"हर्मे, गाडीतल्या सीटचं काय? तिच्यावरच गेला ना तो?"

"सीट काय डोक्यावर घेऊन नदीवर जाणार का, वन्सं? मी पुसली ती. फेस लावून, वारा देऊन, सगळं केलं."

मित्रांनो, ती धादांत खोटे बोलत होती. आदल्या दिवशी तिने गादीवर घालायचे जाड प्लास्टिक आणले होते. ते माझ्यावर डोक्यापासून पायापर्यंत चढवून मागे सुतळीने सात गाठी मारल्या होत्या. एकेक गाठ तिने दोनदा आवळली. "वास जाता कामा नये," एवढेच ती पुटपुटत होती. तिची चूक झाली असे मी आज म्हणते. त्या दिवशी मात्र मला बरेच वाटले, कारण मलाही तो जायला नको होता.

दुसऱ्या दिवशी राखेत एकही पाऊल उमटलेले नव्हते. एदुविहेसचा चेहरा उतरला. हर्मेलिंदा खाली मान घालून राख झाडत राहिली.

तेव्हापासून रोज दुपारी चार वाजता माझा फोम खचू लागला. वर कोणी बसलेले नसायचे. तरी पाठीचा तो ओळखीचा खळगा भरून यायचा, आणि प्लास्टिकवर आतल्या बाजूने वाफ धरायची. ओल असेल, म्हणाल तुम्ही. पावसाचे दिवस होते, ओल होतीच. पण ओलीला वजन नसते. मग तो भार माझ्या डाव्या कडेला सरकायचा, दाराकडे. त्याला उतरायचे होते. रोज तो तेवढाच सरकायचा, आणि रोज प्लास्टिक चुरचुरून त्याला अडवायचे. मी काय केले, विचारा. मी त्याला घट्ट धरून ठेवले.

हर्मेलिंदा संध्याकाळी यायची, शेजारच्या सीटवर बसायची आणि बोलायची.

"तेओ, वरच्या शेतातला मका निघाला. तुझ्या बहिणीचा गुडघा दुखतोय, तोंड मात्र अजून ठणठणीत आहे. निल्दाला गाडी चालवायचीय म्हणे. मी म्हटलं, बाबांना विचारते."

निल्दा तेव्हा बावीस वर्षांची होती. गाडी तिला बापानेच शिकवली होती, आणि त्याचे काम पुढे चालवावे अशी तिची फार इच्छा होती. एके दिवशी तिने किल्ली घेतली, दार उघडले आणि ती माझ्यावर बसणार, तेवढ्यात मागून आई ओरडली.

"तिथे नको! तिथे माणूस आहे!"

निल्दा अर्धी वाकलेली तशीच थांबली. तिने माझ्याकडे पाहिले. प्लास्टिकवर वाफ धरली होती. तिने हळूच किल्ली शेगडीवर ठेवली आणि पुन्हा महिनोन्‌महिने गाडीच्या वाटेला गेली नाही.

आतमध्ये माझे काय चालले होते, ते कोणालाच दिसत नव्हते. प्लास्टिकने धूळ बाहेर ठेवली हे खरे, पण ओल आत कोंडली. आधी शिवणीतून पांढरी लव आली. मग लाल पट्ट्यांवर काळे ठिपके पडले. ते वाढत जाऊन एकमेकांत मिसळले. फोम चिकट झाला. माझे अंग सडत होते, तरी त्या खळग्याला मी धरून बसले होते. हर्मेलिंदाही खोकू लागली होती. खोकत खोकत ती रोज तिथेच येऊन बसायची. हाडांचा सापळा झाला होता तिचा. तिला पाहून मला धास्ती वाटू लागली. एका माणसाला धरण्याच्या नादात मी दुसऱ्याला ओढत होते.

वर्ष भरले. त्याच्या नावाने प्रार्थना आणि जेवण होते. एदुविहेस मोठे पातेले घ्यायला गाडीकडे आली. तिने ड्रायव्हरच्या बाजूचे दार उघडले आणि शालीच्या टोकाने नाक दाबले. मग तिला प्लास्टिक दिसले, सुतळी दिसली, सात गाठी दिसल्या.

"हर्मेलिंदा!" तिची हाक खालच्या आळीपर्यंत गेली असेल. "पुसली म्हणाली होतीस ना गं?"

हर्मेलिंदा धावत आली आणि दाराच्या मध्ये उभी राहिली.

"हात लावू नका, वन्सं. पाया पडते तुमच्या."

"वर्षभर! वर्षभर माझ्या भावाला पिशवीत कोंडून ठेवलंस? त्याची वाट तिकडे, आणि तू त्याला बटाट्यासारखा साठवून ठेवलास?"

"मग काय करू? कपडे नदीत गेले, टोपी नदीत गेली, उशी नदीत गेली. तुम्ही सगळं धुतलंत! माझ्याकडे काय ठेवलंत? त्याचा एवढा वास तरी राहू द्या मला."

एदुविहेसचा आवाज खाली आला. "आहे का पण वास? शेवटचा कधी घेतलास?"

हर्मेलिंदाने वळून प्लास्टिककडे पाहिले. तिने एकदाही प्लास्टिक उघडले नव्हते. उघडले तर उडून जाईल या भीतीने ती वर्षभर फक्त शेजारी बसली होती.

निल्दा शेगडीजवळची सुरी घेऊन आली. आईकडे पाहून तिने विचारले, "कापू?" हर्मेलिंदाने मान हलवली नाही, पण ती बाजूला झाली. सुतळी तुटली. प्लास्टिक ओले कातडे सुटावे तसे माझ्या अंगावरून निघाले. हर्मेलिंदाने झटकन पुढे होऊन माझ्या पाठीत तोंड खुपसले आणि खोल श्वास घेतला.

मी जिवाचा आटापिटा करून तो वास शोधला, मित्रांनो. कोकाची पाने, भुसा, टोपी, काहीतरी. माझ्याकडे काही नव्हते. नुसती बुरशी होती. तिने तोंड वर केले तेव्हा तिच्या गालावर काळे लागले होते.

"नाहीये," ती म्हणाली. "कधीपासून नाहीये, वन्सं?"

एदुविहेसने आपल्या ओल्या हाताने तिचा गाल पुसला. भांडण तिथेच संपले.

त्याच दुपारी निल्दाने पाना घेऊन माझे चार बोल्ट सोडवले. तिघींनी मला उचलून नदीवर नेले. पोम्पेयोचे टाके हर्मेलिंदाने स्वतः उसवले. फोम वाचण्यासारखा नव्हता, तो वाळूत खड्डा करून पुरला. कापड मात्र तिने कोणाला दिले नाही. किन्व्याचे कडू पाणी घालून, घासून, आपटून, पुन्हा घासून, तिने ते वाहत्या पाण्यात धरले. काळे पाणी निघाले, मग राखाडी, मग स्वच्छ. चार वाजले असावेत, कारण नेहमीचा तो भार मला जाणवला. या वेळी तो कडेला सरकला तेव्हा मध्ये काही नव्हते. मीही त्याला धरले नाही. पाण्याने कापड हर्मेलिंदाच्या हातातून एकदा जोरात ओढले, आणि मग ते हलके झाले.

तिलाही ते कळले असावे. तिने कापड पाण्याबाहेर काढले.

आठ दिवस मी सावलीत वाळत होते. पोम्पेयोने नवा फोम घातला. कापड जिथे कुजून फाटले होते तिथे ठिगळ लावले, आणि या वेळी त्याने चेष्टा केली नाही. वरून प्लास्टिक नको, म्हणून निल्दाने सुती अभ्रा शिवला, हवा खेळेल असा, काढून धुता येईल असा. मला गाडीत बसवले. संध्याकाळी हर्मेलिंदा सवयीने आली आणि शेजारच्या सीटवर बसली.

"तेओ, ऐक ना," ती म्हणाली, आणि थांबली.

तिने वळून माझ्याकडे पाहिले. हात पुढे केला, माझ्या पाठीवर ठेवला, दाबून पाहिला. मी कोरडी होते, स्वच्छ होते आणि रिकामी होते. तिने हात मागे घेतला. आणि मग ती रडली. दफनाच्या वेळी ती रडली नव्हती, नदीवर रडली नव्हती. आता मात्र ती गाडीची काच हादरेल अशी रडली.

निल्दा धावत निघाली होती. एदुविहेसने तिचा दंड धरला.

"जाऊ नकोस. रडू दे तिला. आपल्यासाठी तो जाऊन वर्ष झालं. तिच्यासाठी तो आज गेला."

मित्रांनो, तुमच्या घरी, गाडीत जे काही कापड असेल त्याला वारा द्या. डाग टिपा, फेसाने पुसा, सावलीत वाळवा. झाकायचे असेल तर श्वास घेईल अशाने झाका. आणि गेलेल्या माणसाचे काही तुमच्याजवळ असेल, तर ते वेळ असेल तोवर हातात घ्या, त्याचा वास घ्या, आणि मग धुऊन टाका. मी घट्ट धरून पाहिले आहे. तसे धरून काहीच उरत नाही, आणि जाणाऱ्याला मात्र वर्षभर दाराशी ताटकळावे लागते.