आईच्या पायावरची रेघ

ताईचा फोन आला तेव्हा मी साहेबांसमोर फुशारक्या मारत होते, की आपल्या ॲपवरून फोटो आता चुटकीसरशी जातात. पेशंटने जखमेचा फोटो काढायचा, चढवण्याआधी ॲप तो बारीक करतं आणि तिकडे डॉक्टर बघतात. ते बारीक करण्याचं काम माझं. आईच्या घरी नेटवर्क रडतखडत चालतं, तिथूनही फोटो जावा म्हणून मी आकार चांगलाच खाली आणला होता.

ताई म्हणाली, आईच्या पायात खिळा घुसला, ताप आहे आणि जखमेपासून वर एक लाल रेघ निघालीय. ॲपवरचे डॉक्टर मात्र म्हणतात, रेघबिघ काही दिसत नाही, गोळ्या घ्या, उद्या बघू. रेघ म्हणजे जखमेतलं विष वर चढतंय, एवढं या कामात राहून मला कळत होतं.

ताईच्या खात्यातून मी फोटो उघडला आणि कपाळावर हात मारला. आई खुर्चीत ताठ बसलेली, केस विंचरलेले, अंगात ठेवणीतले कपडे, शेजारी फुलदाणी. पाय कुठेतरी खाली कोपऱ्यात. आधीच लांबून काढलेला, त्यात माझ्या ॲपने पिळून काढलेला. रेघेच्या जागी नुसता गुलाबीसर डाग उरला होता.

"अगं, दवाखान्याला पाठवतेस की स्थळाला?" मी ओरडले.

ताई रडकुंडीला आली. आईच ऐकेना म्हणे. परक्या माणसाला नुसता पाय कसा दाखवायचा, कोणाचा आहे ते तरी कळू दे.

अशी आमची आई. मला तिचा राग आला आणि त्याहून जास्त माझा. ॲप दुरुस्त करायला वेळ नव्हता. ताईला सांगितलं, खिडकीच्या उजेडात मोबाइल वीतभरावर धर आणि फक्त रेघ घे. फोटोत जेवढं कमी असेल, तेवढं ते ॲपच्या तावडीतून वाचेल.

मागून आईची कुरकुर ऐकू येत होती, मग ती थांबली. ताई म्हणाली, आई थरथरतेय. फोटो अर्ध्यावर अडकला, तुटला, पुन्हा सुरू झाला. ताई बाल्कनीत गेली, तिथून जिन्यात. साहेब काहीतरी विचारत होते, त्यांना मी हातानेच गप्प केलं.

अखेर गेला. मीही पाहिला. घोट्यापासून वर लालभडक रेघ, आंधळ्यालाही दिसावी अशी.

डॉक्टरांनी लगेच ताईला फोन केला. "आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या. उद्यावर टाकू नका."

वाटेत तापाने आईची शुद्ध हरपली, पण पाय वाचला, आईही वाचली. शुद्धीवर आल्यावर तिने पहिलं काय विचारलं असेल, तर डॉक्टरांनी नुसता पायच बघितला का.

तिचा तो पहिला फोटो मी ताईच्या मोबाइलमधून मूळ आकारात मागवून घेतला. मोठा करून पाहिलं, तर त्यात रेघ आहे. पहिल्यापासून होती. आता आकार कमी करायचा म्हटलं, की मी आधी तोच फोटो ॲपमधून बारीक करून बघते आणि रेघ दिसली तरच पुढे जाते. आईला हे सांगितलेलं नाही. कळलं तर आपला फोटो ऑफिसच्या कामाला लागतो म्हणून गल्लीभर सांगत फिरेल, आणि दुसरा, जास्त चांगला, काढून पाठवेल.