तिसरे वाद्य

मित्रांनो, मी एक जुनी धनुकली आहे, पिंजाऱ्याची. तुमच्यातल्या कित्येकांनी मला पाहिलेही नसेल, म्हणून आधी माझे रूप सांगते. माणसाच्या उंचीएवढा सागवानी दांडा, त्याच्या एका टोकाला रुंद फळी, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणून बसवलेली बकऱ्याच्या आतड्याची दोरी. या दोरीला तात म्हणतात. लाकडी दस्त्याने तातेवर टोला दिला की ती थरथरते आणि तिच्याखालचा दबलेला कापूस मोकळा होऊन वर उडतो. कचरा जड, तो खाली पडतो. कापूस हलका, तो वर राहतो. एवढेच माझे शास्त्र!

धामणगाव बढे या मोठ्या गावापासून दोन कोसांवरच्या एका लहान गावात मेहबूब पिंजारी यांच्या वडिलांनी मला घडवून घेतले. पुढे मेहबूबने मला खांद्यावर टाकून मोताळा तालुका पालथा घातला. लग्नसराईच्या आधी तर आम्हाला उसंत नसे. ज्या अंगणात मी गायचे तिथे पोरांची ही गर्दी! सगळ्यांच्या केसांना, भुवयांना कापूस चिकटायचा आणि पाचवीतली पोरे आजोबांसारखी दिसायची. नव्या नवरीची गादी मेहबूबभाईनेच पिंजावी, असे बायका म्हणत, तेव्हा मी मनातून कापसासारखीच फुगायचे.

मग बीटी कापूस आला. पीक वाढले, पण घरात कापूस राहीना. वेचला की गाडीत भरायचा आणि थेट जिनिंगला, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, धाडायचा. गादीसाठी थोडा बाजूला ठेवण्याची रीतच मोडली. त्यात पिंजायचे यंत्र आले, फोमच्या गाद्या आल्या. मेहबूबने मला भिंतीवर टांगले. अकरा वर्षे मी तिथेच होते.

त्या अकरा वर्षांत मला एकच हात लागला, तो अलफियाचा. अलफिया मेहबूबची नात, सहावीतली. आजोबांना ती दादा म्हणते. घर झाडताना ती माझ्या तातेवरून हळूच फडके फिरवायची. तात अगदी बारीक गुणगुणायची आणि अलफिया झाडू टाकून कान लावून उभी राहायची.

दोन हजार सतरा सालच्या हिवाळ्यात एका संस्थेने शाळांसाठी योजना काढली. शाळेने गावातल्या एखाद्या कलामंडळाशी जोडून घ्यायचे. प्रस्ताव मंजूर झाला की शाळेला अनुदान मिळणार आणि मंडळ वर्षभर दर शनिवारी येऊन मुलांना शिकवणार! आमच्या गावात मंडळ एकच, पुष्पाबाईंचे महिला भजनी मंडळ. अट मात्र अशी, की किमान तीन वाद्ये हवीत. मंडळाकडे पेटी होती, टाळ होते. मृदंग वाजवणारा तरुण मृदंग घेऊन कामासाठी सुरतेला गेला होता. एक वाद्य कमी पडत होते.

नेमका त्याच आठवड्यात योगिनी मॅडमनी विज्ञानात ध्वनीचा धडा शिकवला आणि घरातल्या थरथरणाऱ्या वस्तूचे नाव लिहून आणायला सांगितले. अलफियाने लिहिले, "आमची धनुकली. ती थरथरते आणि गाते." मॅडमनी ते वाचले, क्षणभर विचार केला आणि अर्जात लिहून टाकले. तिसरे वाद्य, धनुकली. वादक, मेहबूब पिंजारी. मेहबूबला विचारायचे मात्र दोघीही विसरल्या.

"काय वं अलफिया, तुह्या दादाची गादी वाजते काय?" वर्गातल्या प्रज्वलने तिला चिडवले.

"वाजते! आयकशीन तं नाचशीन!"

घरी मेहबूबने कपाळाला हात लावला. "अवं बेटा, मी वादक कायचा? मी तं पिंजारी."

"पण दादा, अर्ज गेला नं आता!"

पाहणीला संस्थेचे साहेब आले त्या दिवशी मी अकरा वर्षांनी पुन्हा मेहबूबच्या खांद्यावर बसले. मला धडकीही भरली होती आणि आनंदही मावत नव्हता. वर्ग गच्च भरला होता. साहेबांनी पेटी ऐकली, टाळ ऐकले. मग त्यांनी कागद पाहिला, माझ्याकडे पाहिले, पुन्हा कागद पाहिला.

"हे वाद्य आहे? बरं, वाजवून दाखवा."

मेहबूबने तळहात तातेवर ठेवला. "माफ करा साहेब. रिकामी तात छेडत नाही आमच्यात. खाली कापूस लागते."

"मग कापूस आणा. कापसाच्याच तर गावात आलोय मी."

कुणीच हलेना. मित्रांनो, ते साल गुलाबी बोंडअळीचे होते. बोंड फोडावे तर आत अळी. लोक कपाशीची उभी झाडे, उभी पऱ्हाटी, उपटून टाकत होते. घरात होती ती नुसती कवडी, म्हणजे अळीने खाल्लेला, डागी, आखडलेला कापूस. जिनिंगवालेही त्याला हात लावत नव्हते.

"कवडी आहे साहेब," पुष्पाबाई हळू आवाजात म्हणाल्या. "यंदा दुसरं काय आहे कोणाच्या घरी?"

साहेबांनी घड्याळ पाहिले. "मला निघायचंय. वाद्य ऐकलं नाही तर मी दोनच लिहीन. मग प्रस्ताव बसत नाही."

अलफियाचे डोळे भरून आले. मेहबूबने तिच्याकडे पाहिले आणि एकदम आवाज चढवला, "आना बे पोट्टेहो! कवडी तं कवडी!"

काय पळाली मुले! फ्रॉकच्या ओच्यात, टोपीत, जेवणाच्या डब्यात, मिळेल त्यात कवडी घेऊन आली. सर्वांत आधी प्रज्वल. भजनी मंडळाच्या बायका फतकल मारून बोटांनी सरकी काढू लागल्या. "साहेब, रिकामे काऊन बसले? घ्या चार बोंडं!" पुष्पाबाई म्हणाल्या, आणि साहेबही बाह्या सारून सरकी काढायला बसले.

मेहबूबने दस्ता उचलला. पहिला टोला बसला तेव्हा नुसती धूळ उडाली. दुसऱ्याला टरफले आणि काड्या. गाठी माझ्या तातेला धरून बसत होत्या. मला भीती वाटली, अकरा वर्षे सुकलेली तात आता तुटणार! पण दहाव्या टोल्याला एक गाठ सुटली, मग दुसरी, आणि त्या डागी कवडीतून पांढरा पुंजका वर उडाला. टुंईं! टुंईं! माझा आवाज खर्जात भरून आला.

पुष्पाबाई पेटीच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांवर माझा स्वर शोधू लागल्या. "मेहबूबभाऊ, जराकशी चढवा नं!"

मेहबूबने पाचर ठोकून ताण वाढवला. "आता?"

"अजून थोडी... हाव! बसली! पांढरी पाच!"

टाळ झणाणले, बायकांनी भजन धरले आणि मी मधोमध घुमू लागले. पांढऱ्या भुवयांचा प्रज्वल सर्वांत पुढे नाचत होता!

मिशीला लागलेला कापूस पुसत साहेबांनी विचारले, "प्रकार काय लिहू? तंतुवाद्य की तालवाद्य?"

"दोन्ही, सर!" अलफिया ओरडली.

"बरोबर आहे," योगिनी मॅडम म्हणाल्या. "तात थरथरते आणि टोला ठेका धरतो."

साहेबांनी लिहिले, दोन्ही. मेहबूब पुढे झुकला. "साहेब, वादकात माह्या नातीचंही नाव लेहा. मी शिकवतो तिले."

प्रस्ताव मंजूर झाला. त्या साली अळीने जे नेले ते मी भरून दिले, असे मी म्हणणार नाही. ते माझ्या हातात नव्हते. पण दर शनिवारी गावातली ती कवडी शाळेत येऊ लागली आणि बालवाडीच्या मुलांना बसायला मऊ गाद्या मिळाल्या.

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादी वस्तू माझ्यासारखी टांगलेली असेल. तिच्यावरची धूळ जरूर पुसा, पण तेवढ्यावर थांबू नका. ती चालवणारे हात जवळपास असतील, त्यांच्याकडे जा, आजच जा. त्यांच्याकडून शिकून तिला पुन्हा कामाला लावा.

बरे, आता बोलणे पुरे. आज शनिवार आहे. घंटा झाली, पेटी उघडली आणि अलफियाने दस्ता उचलला आहे. सरका मागे, कापूस उडणार!