घेवडा, मावा आणि डॉक्टरीणबाईंचे गुलाब

गॅलरीतल्या घेवड्यावर माव्याची कीड पडली तसा घड्याळजींच्या बायकोने निर्वाणीचा इशारा दिला, "रविवारी वॉशिंग मशीन येतंय. तोवर वेल सावरला तर ठीक, नाहीतर कुंड्या खाली आणि मशीन गॅलरीत!"

घड्याळजी हादरले. निवृत्तीनंतर त्यांचा जीव त्या वेलातच अडकला होता. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, हातात चिमटा घेतला आणि पानन् पान तपासलं. हिरवे बारके ठिपके गप्प बसून होते. त्यांच्यामधून काळ्या अंगाचे, नारिंगी पट्ट्यांचे काटेरी किडे लगबगीने फिरत होते. घड्याळं दुरुस्त करण्याचा चाळीस वर्षांचा अनुभव सांगत होता की बिघाड नेहमी हलणाऱ्या भागात असतो. काळे पकडले गेले! पण मारवेनात. मग रोज सकाळी डबीत भरून ते खालच्या मजल्यावरच्या, दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या गुलाबांवर सोडायचे. गेल्या महिन्यात बाईंनी त्यांची दाढ उपटली होती, त्यामुळे मनाला फारसं लागलं नाही.

शुक्रवारी प्रयोगशाळेतून आलेल्या लेकीने डबीत डोकावून कपाळावर हात मारला.

"बाबा, ही ढालकिड्यांची, म्हणजे लेडीबर्डची पिल्लं! ती मावा खातात. तुम्ही चोर ठेवलेत आणि पोलीस हद्दपार केलेत!"

"अगं, पण चोर हलतच नव्हते!"

"पोटभर रस मिळतोय, हलतील कशाला? किती उचललेत?"

"त्रेचाळीस," घड्याळजी ओशाळून म्हणाले. मोजल्याशिवाय त्यांनी कधी काही उचललंच नव्हतं.

दोघं खाली धावले. डॉक्टरीणबाई गुलाबांशेजारी खुशीत उभ्या होत्या.

"या घड्याळजी! चमत्कार बघा, फुलांवर माव्याचं नावनिशाण नाही!"

घड्याळजींनी चाचरत कबुली दिली. बाई इतक्या हसल्या की त्यांना कुंपण धरावं लागलं. "म्हणजे दाढेचा सूड घ्यायला निघालात आणि माझं भलं करून बसलात!"

त्यांनी दवाखान्यातून तोंडात घालायचा छोटा आरसा आणला. पानं न उलटता खालची बाजू लख्ख दिसू लागली. बाई ओरडायच्या, "वरून तिसरं पान, डावीकडे!" घड्याळजींचा चिमटा झेपावायचा आणि लेक डबीचं झाकण उघडायची. एकतीस सापडले. "बाकीचे इथेच राहू देत," बाई म्हणाल्या, "त्यांना माझी सवय झालीय."

रविवारी दुपारी मशीन घेऊन दोन माणसं दारात आली तेव्हा परत सोडलेल्या पिल्लांनी अर्धाच वेल स्वच्छ केला होता. बायको तरातरा गॅलरीत गेली. घड्याळजींनी तिच्या डोळ्याला भिंग लावलं.

"अगं बाई! हा बघा, मावा मान धरून उचलला! गिळला! दुसरा धरला! अहो, हा तर तुमच्या भावापेक्षा भरभर जेवतो!"

"मॅडम, मशीन कुठे ठेवू?" दारातून आवाज आला. "हात भरून आलेत."

"न्हाणीघरात ठेवा!" भिंग न काढता बायको ओरडली. "आणि पाय वाजवू नका, इथे पंगत बसलीय!"

मशीन आत गेल्यावर न्हाणीघराचं दार जेमतेम वीतभर उघडू लागलं. घड्याळजी पोट आत ओढून, तिरके होऊन आत शिरले आणि तासभर मोठमोठ्याने गात राहिले.