चिलखताला घडी नको

मित्रांनो, जुन्नरच्या बाजारपेठेतल्या एका एक्स-रे सेंटरमध्ये कोपऱ्यात एक निळा, जाडजूड अंगरखा टांगलेला दिसेल. त्याला रेनकोट समजू नका. तो मी. शिशाचा ॲप्रन. वय अकरा वर्षं, वजन पाच किलो. अकरा वर्षांत ते गुंजभरही वाढलेलं नाही. असं सांगणारा या पेठेत दुसरा कुणी नसेल.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. शिशाची पूड रबरात मळून तिचा पातळ थर लाटला, वरखाली निळं कापड शिवलं, पट्टे लावले. एवढीच माझी कुळकथा. काम मात्र मोठं मिळालं. एक्स-रेचे किरण दिसत नाहीत, त्यांना वास नाही, त्यांचा चटका बसत नाही. चुलीतला निखारा निदान सांगून भाजतो. हे आरपार जातात आणि जाताना निरोपही घेत नाहीत. मशीनजवळ इकडंतिकडं उडणारे किरण छातीवर झेलायचे, हा माझा धंदा.

अर्थात मी नुसता झेलतो. अक्कल लागते ती प्रतिभाताईंची. ताई इथं एक्स-रे काढतात. दर वेळी शिशाच्या काचेमागं जाऊनच बटण दाबतात. छातीला एक छोटा बिल्ला लावतात. त्यांच्या अंगावर किती किरण पडले ते तो गुपचूप टिपून ठेवतो आणि दर तीन महिन्यांनी तपासणीला जातो. अकरा वर्षांत त्या बिल्ला एकदाही विसरल्या नाहीत. चष्मा आठवड्यातून दोनदा विसरतात.

आमच्याकडं आजारी माणूस एकटा येत नाही. गुडघा एकाचा असतो आणि फोटो बघायला जीपभर माणसं. सगळ्यांना आत यायचं असतं.

"पेशंट सोडून सगळे बाहेर," ताई म्हणतात.

"आमी काय परके हाय का, ताई?"

"परके असता तर कशाला बाहेर काढलं असतं? आपले म्हणून काढतेय."

वर्षभरापूर्वी कोंडाबाई मावशी साफसफाईला लागल्या. त्यांचा माझ्यावर लई जीव. मला टांगूनच ठेवायचं, असं ताईंनी त्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. पण चांगलं कापड उघड्यावर लोंबत ठेवणं मावशींना पटत नव्हतं. ताई घरी गेल्या की त्या मला लुगड्यासारखी चौपदरी घडी घालून कपाटात ठेवत, आणि सकाळी ताई यायच्या आत पुन्हा टांगत. खोटं कशाला बोलू, मलाही ते आवडायचं. एवढ्या मायेनं कुणी घडी घातली की अंग सैल सोडावंसं वाटतं.

गेल्या मार्चमध्ये पश्चिमेकडच्या डोंगरातल्या एका वाडीतून पाच वर्षांची प्रतीक्षा आली. हिरड्याच्या पोत्यांवर चढली आणि पडली. कोपर सुजलं होतं. सोबत आई वृषाली आणि आजोबा सयाजीबाबा. मशीन बघताच पोरीनं टाहो फोडला. कुणीतरी धरल्याशिवाय फोटो निघणार नव्हता.

ताईंनी मला खाली काढलं आणि आईला नेहमीचा प्रश्न विचारला, "दिवस गेलेत का?"

वृषालीनं सासऱ्यांकडं पाहिलं, मग फरशीकडं. "न्हाई."

भिंतीवर मोठ्या अक्षरांत पाटी आहे, 'गरोदर असल्यास आधी सांगा'. पण पाटीखाली सासरे उभे असतील तर सून काय सांगणार? तिच्या वाडीत तिसरा महिना सरेपर्यंत ही बातमी नवऱ्याच्या पलीकडं जात नाही. दृष्ट लागते म्हणतात.

वृषालीनं मला अंगावर चढवलं, पोटावर नीट सारखं केलं आणि हात तिथंच ठेवला. तो हात ताईंनी बघितला.

"बाबा, बाहेर टेबलावर नावगाव लिहून या बरं."

बाबा गेले. ताईंनी दार लोटलं. "आता सांग."

"दुसरं हाय. घरात अजून सांगितलं न्हाई. पर ताई, हे घातलंय की मी. मग काय हुतंय? धरते मी."

माझी छाती फुगली. पोरगी शहाणी दिसतेय, असं मनात आलं. मी असताना भीती कसली?

ताईंनी माझे पट्टे सोडले. "दुसरं माणूस हजर असताना पोटुशी बाईनं इथं थांबायचं नाही. ॲप्रन असला तरी नाही."

मला हा अपमान वाटला. अकरा वर्षांच्या नोकरीची ही किंमत.

"पर मामंजीस्नी काय सांगायचं?"

"ते माझ्यावर सोड."

बाबा परतले. ताईंच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही. "बाबा, पोरीला तुम्ही धरा. हिचं मंगळसूत्र फोटोत आडवं येतंय. काढायला सांगू का?"

"नगं, नगं. ते काढायचं न्हाई. आणा तो कोट हिकडं."

खाली धोतर, डोक्यावर टोपी आणि मधे मी. "लई जड हाय राव," बाबा म्हणाले, "बिबट्या आला तरी दात लागायचा न्हाई." आजोबांचं हे सोंग बघून पोर रडता रडता हसली आणि बघत गप्प राहिली. वृषाली बाहेर गेली, लाल दिवा लागला, फोटो निघाला. हाडाला बारीक चीर होती. प्लॅस्टर घालून मंडळी घरी गेली.

पंधरा दिवसांनी माझी वार्षिक तपासणी आली. त्या दिवशी ताई मला टेबलावर निजवून माझाच एक्स-रे काढतात. पडद्यावर मी पांढराशुभ्र दिसतो. यंदा मधोमध एक आडवी काळी रेघ होती आणि तिला फाटे फुटले होते. रोज जिथं घडी पडायची तिथं आतला थर तुटला होता. नेमका पोटाच्या उंचीवर. वरून कापडाला सुरकुती नव्हती.

"मावशी, याची घडी घालता का?"

"घालते की. एक चुणी पडू देत न्हाई."

"चुणी आत पडलीय."

मावशी स्टुलावर बसल्या. "कुणाला काय झालं का वं, ताई?"

"नाही. बाबांना एका फोटोनं काही होत नाही. पण टाळता येईल तेवढं टाळायचं." त्या एवढंच बोलल्या, आणि मावशींना पडद्याजवळ नेऊन ती रेघ बोटानं दाखवली.

मी मात्र वृषालीच्या पोटावरचा हात विसरू शकलो नाही. मी तिथं असताना भीती कसली, असं म्हणणारा मीच होतो. मी फुटलोय हे मला ठाऊक नव्हतं, ताईंनाही नव्हतं. तरी त्या माझ्या भरवशावर राहिल्या नाहीत. मित्रांनो, अशी माणसं असतात म्हणून न दिसणाऱ्या गोष्टी आपल्याला लागत नाहीत.

आता माझ्या छातीवर 'वापरू नये' अशी चिठ्ठी आहे. शिसं भंगारात टाकत नाहीत, म्हणून ते रीतसर नेणाऱ्या माणसाची वाट बघतोय. नव्या ॲप्रनला मावशी बोटही लावत नाहीत. टांगलेला आहे ना, एवढं मात्र दिवसातून चारदा बघतात.

परवा प्रतीक्षाचं प्लॅस्टर निघालं आणि मंडळी पुन्हा फोटोला आली. सयाजीबाबांनी नवा ॲप्रन आपण होऊन चढवला.

"ताई, तवा माझ्या मनगटात चांदीचं कडं व्हतं," ते म्हणाले. "ते न्हाई आलं आडवं?"

"पुरुषांचं चालतं."

"सरकारचा नियम हाय का?"

"आमच्या सेंटरचा."

बाबा गदगदून हसले. "सुनंनं सांगितलं घरात. तिसरा सरला. बरं केलं तुमी. मला इचारलं असतं तर मीच म्हणलो असतो, मी धरतो. पर इचारायचं कसं, ते आमच्यात कुणालाच येत न्हाई."

तेव्हा मित्रांनो, लाल दिवा लागल्यावर दार ढकलू नका. बाहेर थांबायला सांगितलं तर रुसू नका. माझ्यासारख्याला टांगा, घडी घालू नका. आणि विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर कोण ऐकतंय ते बघून बदलू नका. तेवढं धैर्य नसेल तर निदान उघड्या दारातून मी जे पाहिलं ते ऐका. बाकावर वृषाली बसली होती. शेजारी एक नवी सून, तिच्या पलीकडं तिची सासू. वृषाली त्या सुनेच्या कानाशी वाकली.

"आत गेलीस की ताईस्नी खरं सांग. सासूचं त्या बघत्यात."