साहेबांचा पाय

“पाऊल उचल रे गाढवा, पृथ्वी काय पळून चाललीय?”

परेडच्या मैदानावरचा तो आवाज. त्याच आवाजानं आज दारातून विचारलं, पाय इथंच बनवून मिळतात ना? आणि कारागिराचे प्लॅस्टरनं माखलेले हात थबकले.

साहेबांनी त्याला ओळखलं नाही. शंभरातला एक शिपाई, त्यात आता दाढी पिकलेली. कुबड्या टेकून साहेब स्वतःच हसले.

“गोळ्यांनी सोडलं, गोडानं धरलं. साखरेपायी गेला पाय.”

कारागिरानं खुर्ची पुढे सरकवली.

त्याच तुकडीतला त्याचा मित्र लंबू गेला तो सुरुंगावर पाय पडून. तो वाट सोडून भलतीकडे गेला, असं साहेबांनी वर कळवलं होतं. त्याला तिकडून जायचा हुकूम साहेबांनीच दिला, हे कारागिरानं स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. लंबूच्या आईला त्यानं हजारदा सांगून पाहिलं. ती म्हणायची, तू त्याचा मित्र, तू असंच म्हणणार. आणि पुन्हा भिंतीवरच्या फोटोला विचारायची, साहेबांचं ऐकलं का नाहीस रे बाळा?

वर्दी उतरवल्यावर तो हे काम शिकला. लंबूला पाय देता आला नाही, म्हणून ज्याला त्याला देत सुटला. लोक चालत जायचे, तेव्हा त्याच्या छातीत पाखरू फडफडायचं.

साहेबांच्या उरलेल्या पायाचा प्लॅस्टरचा साचा त्यानं मांडीवर घेतला; नवा पाय त्यावरच बेतायचा. हाडाच्या टोकाशी कानस जराशी जास्त फिरवली, की पाय दिसायला देखणा आणि पावलापावलाला काटा. कुणाला कळलंही नसतं. त्यानं कानस फिरवली. बराच वेळ साच्याकडे बघत बसला. मग ओलं प्लॅस्टर घेऊन ती जागा भरून काढली, लेकराची जखम लिंपावी तशी.

पाय असा बसला, की साहेब पोरासारखे खुलले.

“दुखत नाही हो कुठंच!”

कारागीर म्हणाला, सपाटीवर काय, कुणीही चालेल. पायाची पारख जिन्यावर. चार घरं सोडून एक उंच इमारत होती, तिथं तो त्यांना घेऊन गेला. प्रत्येक मजल्यावर साहेब त्याची पाठ थोपटत होते. तिसऱ्या मजल्यावर त्यानं कडी वाजवली.

म्हातारीनं दार उघडलं. तिच्या मागे भिंतीवर वर्दीतला लंबू हसत होता.

“काकू, हे आमचे साहेब. लंबूचे आणि माझे.”

साहेब गर्रकन वळले. एक पायरी खाली उतरून कारागीर उभा होता, कठड्यापासून भिंतीपर्यंत जिना अडवून.

म्हातारी म्हणाली, दारात कशाला, आत या.

साहेब आत गेले नाहीत. चौकट धरून उभे राहिले.

“बाई,” ते म्हणाले, “तुमच्या मुलानं ऐकलं होतं. माझंच ऐकलं त्यानं.”