अडतीस प्रती

“यातला ‘काढून’ हा शब्द काढून टाका,” मॅडम म्हणाल्या आणि स्वतःच्याच विनोदावर जराशा हसल्या.

तिने तो काढला. एकटा कसा जाईल, आजूबाजूचेही गेले. ‘कामावरून काढून टाकण्यात येत आहे’ या पाच शब्दांच्या जागी पडद्यावर नुसती रेघ लुकलुकत राहिली.

“आता काहीतरी उबदार घाला. वाचून कोणी दचकायला नको. त्यासाठीच तर तुम्हाला घेतलंय.”

हे खोटं नव्हतं. जनसंवादाची पदवी घेतलेली ती त्या मजल्यावर एकटीच होती. मॅडमच्या टेबलावर, पेपरवेटखाली, तिला कायम करण्याचं पत्र सहीसाठी पडलेलं होतं. पगार जवळजवळ दुप्पट. एवढं एक काम नीट झालं, की सोमवारी सही.

“कुठल्या युनिटसाठी आहे हे?” तिने विचारलं.

“ते वरून ठरेल. तुम्ही मजकूर बघा. आणि खाली नाव नको कुणाचं, ‘व्यवस्थापन’ पुरे. पावतीवर सही आली म्हणजे सगळं राजीखुशीने झालं, मग तीन महिन्यांच्या भरपाईचा प्रश्नच येत नाही.”

तिने मजकूर बघितला. ‘आपल्या निष्ठेबद्दल कृतज्ञता’ लिहिलं. ‘येत्या एक तारखेपासून आपण नव्या संधींकडे वाटचाल करत आहात’ हेही लिहिलं. तरी पत्र कोरडंच वाटत होतं. मग एक वाक्य कुठून तरी आपसूक आलं आणि तिने ते शेवटी टाकलं: ‘मागे बघू नका, आम्ही आहोत.’

मॅडमनी ते दोनदा वाचलं. “व्वा! हे शिकवून येत नाही हो.”

छपाईच्या यंत्राशी जाऊन ती उभी राहिली, तेव्हा चिठ्ठीवर प्रतींचा आकडा होता अडतीस. तिने तो परत एकदा बघितला. आकडाच तो, कुठलाही असू शकतो, असं तिने स्वतःला बजावलं. कंपनीची काय एकच जागा आहे? परत वर जाऊन विचारता आलं असतं. ती गेली नाही. यंत्रातून एकेक गरम कागद बाहेर येत होता आणि ती त्यांच्या कडा जुळवत राहिली.

घरी तिला सगळे रेडिओ म्हणत. लहानपणी तोंड म्हणून बंद नसायचं. आई गेल्यावर मावशीने तिला आणलं ते या बडबडीसकट. बारावीनंतर तिने जनसंवाद शिकायचं काढलं, तेव्हा मामाला हसून हसून खोकला आला होता. “बोलायला शिकायचे पैसे? अगं, आपल्या घरात ते फुकट शिकवतात! आणि हिला तर उलट गप्प बसायचा कोर्स लावा.”

दुसऱ्या दिवसापासून मावशीने दुसरी पाळी धरली. कंपनीच्या धुलाईघरात अडतीस जणी होत्या; ती तिथे चादरींच्या घड्या घालायची. हॉटेलांच्या आणि इस्पितळांच्या, दिवसाला सातशे-आठशे. यंत्रातून निघालेली चादर हाताला चटके देते, म्हणून तिच्या बोटांची टोकं गुळगुळीत झाली होती. तीन वर्षं तिने दोन पाळ्या केल्या. कॉलेजच्या पहिल्या दिवशी फाटकाशी सोडायला आली तेव्हा रेडिओ आत जायचं सोडून सारखी मागे वळून बघत होती. मावशीने पाठीवर थाप मारली. “मागे बघू नकोस. मी आहे.”

पुढे त्याच कंपनीच्या कचेरीत नोकरी लागली, तर मावशीला काय आनंद! “आमच्याच कंपनीत, पण वरच्या मजल्यावर,” असं ती दिसेल त्याला सांगायची. रेडिओने मात्र कचेरीत कधी कुणाला सांगितलं नव्हतं, की आपली मावशी खाली चादरी घडी करते. लाज म्हणून नाही, विषय निघाला नाही म्हणून, असं ती मनाशी म्हणायची. आठ महिन्यांत तो विषय एकदाही निघाला नाही.

शनिवारी दुपारी मावशी लवकर घरी आली. चपला नीट न काढताच आत शिरली आणि पिशवीतून एक लिफाफा काढून टेबलावर ठेवला, जपून, चहाचा डाग पडणार नाही अशा जागी.

“रेडिओ, ये इकडे. आज आमचा मान झालाय.”

रेडिओने तो लिफाफा बघताक्षणी ओळखला. त्याच्या कोपऱ्यावरची निळी पट्टी तिनेच निवडली होती.

“आम्हा अडतीस जणींना मिळालंय,” मावशी सांगत होती. “नवीन धुलाईघर होणार, होणार म्हणत होते ना? तिकडे नेतायत बघ. संधी म्हणून लिहिलंय. मुकादम म्हणाला, चांगलंच आहे, पावतीवर सह्या करून सोमवारी आणा. काही जणींना कळेना. मला म्हणाल्या, तुझी पोरगी शिकलेली, तूच सांग. मी म्हटलं, करा बिनधास्त.”

“तू केलीस सही?”

“मी तर सगळ्यात आधी!” मावशीने पत्राच्या खालची पावती दाखवली. अक्षरं एकेक करून काढलेली, ओळीच्या वर चढत गेलेली सही. “आता तू वाच मोठ्याने. तुझ्या आवाजात ऐकू दे.”

रेडिओने कागद घेतला. कृतज्ञता वाचली. नव्या संधी वाचल्या. मावशी मान डोलवत होती. शेवटचं वाक्य तिने वाचलंच नाही.

“मावशी, तुला कामावरून काढलंय.”

“काय?”

“एक तारखेपासून काम नाही. कोणालाच नाही. नवीन धुलाईघर वगैरे काही नाही.”

मावशीला राग आला. रेडिओ आपली थट्टा करतेय असं तिला वाटलं असावं. “हे कुठे लिहिलंय? दाखव बघू.”

रेडिओने बोट ठेवलं. वरच्या ओळीपासून खाली आणलं, परत वर नेलं. दाखवण्यासारखं काहीच नव्हतं. असं काही तिथे दिसू नये म्हणून तर तिने दोन दिवस घालवले होते.

“नाही ना?” मावशी म्हणाली. “उगाच घाबरवतेस. अगं, इतकं मायेने लिहिलंय कोणीतरी. शेवटचं वाक्य बघ. मागे बघू नका, आम्ही आहोत. तुला खरं सांगू? बाकीचं माझ्या डोक्यावरून गेलं. पण ते वाचलं आणि मी सही केली. म्हटलं, अगदी माझ्या तोंडचं...”

आणि ती थांबली.

खाली रस्त्यावर कोणीतरी दुकानाचं शटर ओढलं. मावशीने पत्र रेडिओच्या हातातून काढून घेतलं, डोळ्यांपासून लांब धरलं आणि शेवटची ओळ ओठ हलवत पुन्हा वाचली. मग तिने वर बघितलं. रेडिओला वाटलं, आता ती ओरडेल. ओरडली असती तर फार बरं झालं असतं.

“छान लिहितेस,” मावशी म्हणाली.

“मला सांगितलं नव्हतं कुठल्या... मावशी, आकडा बघितला होता मी. अडतीस. बघितला आणि विचारलं नाही.” तिला रडू आवरेना. “सोमवारी मला कायम करणार होते.”

“किती देणार?”

तिने सांगितलं.

मावशीने बोटांवर हिशेब केला. तिच्या दोन पाळ्यांचाही इतका पगार कधी झाला नव्हता. “म्हणजे पैसे वसूल झाले की,” ती म्हणाली. तिने हे टोचून म्हटलं नव्हतं, त्यामुळे ते ऐकवेना.

“सही केली नाही तर?” मावशीने थोड्या वेळाने विचारलं.

“काढणार तरीही. पण मग तीन महिन्यांचा पगार द्यावा लागेल. सही केली, तर तुम्ही आपणहून गेलात असं होतं.”

“आणि सगळ्यांना मीच सांगितलं, करा म्हणून.”

तिने उठून फळीवरची जुनी वही आणली. कॉलेजचीच वही, मागची पानं कोरी. एक पान फाडलं, बोटाने घासून त्याची सुरकुती काढली, चादरीची काढतात तशी, आणि रेडिओच्या पुढ्यात ठेवलं.

“लिही. त्यांना कळेल असं.”

रेडिओने नाक पुसलं आणि लिहिलं. तीन ओळी झाल्या, त्याही मोठ्या अक्षरात. ‘आपल्या सगळ्यांना कामावरून काढलं आहे. पावतीवर सही करू नका. केली असेल तर ती देऊ नका.’

मावशीने वाचलं. एकदाच वाचावं लागलं.

“खाली नाव?”

“पत्राला नाव लागत नाही,” रेडिओ सवयीने बोलून गेली.

“लागतं. नाहीतर त्या म्हणतील, कोण सांगतंय.”

तिने ‘रेडिओ’ असं लिहायला सुरुवात केली. मावशीने तिचा हात धरला. तिची ती गुळगुळीत बोटं गरम होती.

“घरातलं नको. पूर्ण लिही. त्या सोमवारच्या कागदावर आहे ना, तेच.”

रेडिओ पेन हातात धरून नुसती बघत राहिली. पेपरवेटखालचं ते पत्र तिला जसंच्या तसं दिसत होतं, आणि हेही कळत होतं, की हे नाव वर पोचायला एक दिवस पुरेल. मग तिने पूर्ण नाव लिहिलं, आडनावासकट. टोपण लावून पेन वहीवर ठेवलं.

“कोपऱ्यावरचं झेरॉक्सचं दुकान उघडं असेल अजून,” ती म्हणाली. “अडतीस प्रती काढू?”

“सदतीस,” मावशी चपला घालत म्हणाली. “माझी मला मिळाली.”