मागच्या बाजूचा रंग

"खाली उतर, पेंटर."

शिडीच्या तळाशी रंध्या उभा होता. मी ब्रश चालवतच राहिलो. भिंतीवर आमच्या पक्षाची घोषणा अर्धी झाली होती आणि भिंत नेमकी त्याच्या सुतारकामाच्या दुकानासमोर होती. भांडायलाच आला असणार.

"मालकाची परवानगी आहे," मी वरूनच म्हणालो. "वाचवत नसेल तर तोंड फिरवून बस."

"भिंतीचं मरू दे. उतर."

मग पाहिलं, तर त्यानं दोन्ही हातांनी शिडी धरली होती. माझी शिडी कधी घसरते याची त्यानं वाट पाहिली असेल, पण धरली कधीच नव्हती. मी उतरलो.

सकाळी जरा दम लागतोय, तपासून येते, म्हणून बायको एकटीच दवाखान्यात गेली होती. नर्सनं फोन केला तो रंध्याला. 'तुमचा फोन पिशवीत नुसता वाजत असतो' म्हणून बायकोनंच तिथं त्याचा नंबर देऊन ठेवला होता. माझी बायको गेली हे मला असं विरोधी पक्षाच्या माणसाकडून कळलं.

रंध्या हे नाव त्याला सुतारकामामुळं पडलेलं नाही. तो बोलायला लागला की समोरच्याची सालटी निघतात. आम्ही एकाच चर्चचे, एकाच बाकावरचे. मध्ये ती बसायची. उपासनेत पाळक शेजाऱ्याशी हात मिळवायला सांगत, तेव्हा मी तिच्याशी हात मिळवायचो, तोही तिच्याशीच मिळवायचा, आणि आमचं दोघांचं भागायचं. घरी येऊन मी चिडचिड केली की ती म्हणायची, "शत्रूवर प्रीती करा असं लिहिलंय. शेजाऱ्यावर करा असंही लिहिलंय. भाऊजी दोन्हीत बसतात. तुम्हाला सुटका नाही."

ती स्वतः मत कुणाला द्यायची, हे तिनं मला शेवटपर्यंत सांगितलं नाही.

माती झाली आणि रंध्या रोज घरी यायला लागला. लोक भेटायला येतात ते गप्प बसतात, उसासे टाकतात, जातात. हा बसला की नळाच्या पाण्यावर घसरायचा. "आमचे लोक निवडून आले ना, तर पाणी दिवसाला दोनदा येईल."

"तुमचे लोक? त्यांच्या हातात पाणी दिलं तर नळही विकून खातील."

त्याच्या बायकोनं पाठवलेला डबा तो माझ्यापुढं उघडून ठेवायचा आणि वाद घालायचा. तो गेल्यावर मला कळायचं की डबा रिकामा झालाय. एकदा तर त्यानं न विचारता आमचं अडकणारं दार उतरवलं, तासलं आणि परत बसवलं. "वहिनींनी कधीचं सांगितलं होतं." मला त्या दाराचा आवाज हवा होता. ती आत आली की तो आवाज व्हायचा. पण हे याला कोण सांगणार? डोकं फिरायची वेळ आली होती.

आमच्या मंडळीत दगड बसेपर्यंत कबरेवर लाकडी क्रूस लावतात. क्रूस रंध्या करतो, त्यावर नाव मी लिहितो. त्याच्या दुकानातून माझ्याकडे क्रूस घेऊन यायची ती. या वेळी तो स्वतःच खांद्यावर घेऊन आला. काम चोख होतं, तक्रारीला जागा नव्हती. मी उलटा करून पाहिला. मागच्या बाजूला, वरपासून खालपर्यंत, त्यांच्या पक्षाचा रंग.

"हे काय आहे?"

"सागवान."

"मी रंगाचं विचारतोय!"

"मंचाची फळी आहे. मागच्या सभेची. पुढून तासली, मागची राहिली."

"तुझ्या पुढाऱ्यांनी नाचून झालेली फळी माझ्या बायकोच्या उशाशी?"

"अरे, दुकानात बाकी सगळं प्लायवुड. एका पावसात फुगतं ते. वहिनींना प्लायवुड लावू?"

"निदान विचारायचंस तरी."

"विचारलं असतं तर नाहीच म्हणाला असतास."

हे खरं होतं, म्हणून जास्तच राग आला. त्यानं पिशवीतून रंधा काढला. "आण, मागचंही साफ करतो. तसं वहिनींना चाललं असतं म्हणा. त्या आमच्याच बाजूच्या होत्या."

"तिनं सांगितलं तुला?"

"सांगायला कशाला पाहिजे? चेहऱ्यावरून कळतं."

"चेहऱ्यावरून! जन्मभर तो चेहरा मी पाहिला, मला नाही कळलं. तुला बरं कळलं!"

त्यानं हातातल्या पात्यावरून बोट फिरवलं. "एकदा विचारलं होतं मी," तो म्हणाला. "तर म्हणाल्या, भाऊजी, एक तरी गोष्ट तुम्हा दोघांच्या तावडीतून सुटू द्या."

हे तिचंच बोलणं. तो खोटं बोलत नव्हता.

त्यानं क्रूस पालथा घातला, रंधा टेकवला. मी फळीवर हात ठेवला.

"राहू दे."

"अरे, आत्ता होईल."

"राहू दे म्हटलं ना. तिचं मत खरंच तिकडं पडत असलं तर?"

रंध्यानं रंधा पिशवीत टाकला.

नंतर पाळकांकडून कळलं की त्याच्या पक्षाची पोरं माझी अर्धी घोषणा पुसायला चुन्याची बादली घेऊन आली होती. यानं त्यांना हाकललं. "त्याची त्याला पुरी करू दे. मग पुसा," म्हणाला. म्हणजे पुसायची आहेच.

रविवारी आम्ही बाकाच्या दोन टोकांना बसलो. शेजाऱ्याशी हात मिळवायची वेळ आली. मधल्या रिकाम्या जागेवरून हात पोचला असता, पण दोघंही गीतांच्या पुस्तकात बघत राहिलो.

क्रूस माझ्या टेबलावर आहे. नाव पेन्सिलनं आखलंय. ब्रश रंगात बुडवतो, पहिल्या अक्षरापाशी नेतो आणि परत पुसून ठेवतो. रंध्या रोज दारातून विचारतो, "झालं का रे?" मी म्हणतो, "तुला काय घाई?"

कबरेवर अजून नुसती माती आहे.